गळती दाब सांगते, बळ लपवते

हृदय म्हटले की आपण बहुधा डाव्या बाजूबद्दल बोलत असतो. हार्ट अ‍ॅटॅक, ब्लड प्रेशर, ‘ईएफ किती आला?’, म्हणजे ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडते, हा एको अर्थात हृदयाच्या सोनोग्राफीनंतरचा पहिला प्रश्न, सारे डाव्या बाजूचे. उजवी बाजू अंगभर फिरून आलेले रक्त फुप्फुसाकडे ढकलत राहते आणि बहुतेकदा तिची आठवण कोणी काढत नाही. पण झडप गळू लागली की चित्र पालटते. रुग्णाला ऑपरेशन झेपेल का, पायांची सूज उतरेल का, पुढची काही वर्षे कशी जातील, याचे उत्तर पुष्कळदा उजव्या बाजूकडे असते. ते मिळवणे मात्र अवघड असते, कारण जी गळती मोजायची तीच मोजमापात घोळ घालते.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तरेला सातपुडा ओलांडून नर्मदेपर्यंत जातो. 2011च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण जवळपास 69 टक्के होते. उजव्या हृदयावर भार टाकणाऱ्या तीन वाटा इथे एकत्र येतात.

पहिली वाट सिकलसेलची. डॉ. एस. एल. काटे आणि लिंगोजवार यांनी 2002 साली महाराष्ट्रातील सिकलसेलचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या समाजांत वाहक आणि रुग्ण मिळून सिकलसेलचे प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत आढळले होते. वाहकांना सहसा हृदयाचा त्रास होत नाही. प्रश्न असतो तो आई आणि वडील दोघांकडून हे जनुक मिळालेल्या रुग्णांचा. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतून सांडलेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गिळून टाकते. फुप्फुसातल्या वाहिन्या आवळू लागतात आणि त्यांच्यात रक्त ढकलणाऱ्या उजव्या बाजूचे काम वाढते.

दुसरी वाट रुमॅटिक तापाची. 5 ते 15 वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे दुखतो, बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो. त्या घडामोडीत शरीराची प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. सर्वांत जास्त मार बसतो तो डाव्या बाजूच्या द्विदल झडपेला. ती अरुंद झाली किंवा गळू लागली की रक्त मागे फुप्फुसात तुंबते आणि त्या तुंबाऱ्याचा दाब उजव्या बाजूवर पडतो.

तिसरी वाट धुराची. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी 1950च्या दशकात फुप्फुसांच्या आजाराने उजवे हृदय निकामी झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियाही त्यांत बऱ्याच होत्या आणि बोट चुलीच्या धुराकडे जात होते. बंद दाराच्या झोपडीत वर्षानुवर्षे लाकूडफाटा जाळणाऱ्या कुठल्याही बाईला हे लागू पडते. जुन्या क्षयाने फुप्फुस खाल्लेला माणूसही याच वाटेवर असतो.

पातळ भिंतीचा कप्पा

उजवे निलय आणि डावे निलय, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, मिनिटाला सारखेच रक्त बाहेर टाकतात, विश्रांतीच्या वेळी सुमारे 5 लीटर. फरक दाबाचा. डाव्या निलयाला साधारण 120 मिमी पाऱ्याचा दाब तयार करावा लागतो, उजव्याला 25च्या आसपास पुरतो. म्हणून डावी भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड, तर उजवी जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर. आकारही वेगळा. डावे निलय लांबट आणि गोलसर असल्याने त्याचे मोजमाप सूत्रात बसते. उजवे त्याला चंद्रकोरीसारखे लपेटून बसलेले असते. एका बाजूने त्रिकोणी, दुसऱ्या बाजूने चपटे, आतून खडबडीत. एकोच्या पडद्यावर ते एका चौकटीत पूर्ण कधी दिसत नाही.

या कप्प्याकडे दुर्लक्ष होण्यामागे एक प्रयोगही होता. 1943 साली अमेरिकेत आयझॅक स्टार आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या निलयाची भिंत डागून निकामी केली. शिरांतला दाब फारसा वाढला नाही. उजव्या बाजूचे स्नायू नसले तरी चालते, असा समज त्यानंतर बराच काळ टिकला. पण त्या कुत्र्यांची फुप्फुसे निरोगी होती. वाट मोकळी असेल तर दुबळा कप्पाही भागवून नेतो. वाट आवळली की त्याचे पितळ उघडे पडते. सिकलसेलच्या, रुमॅटिक झडपेच्या किंवा धुराने कोंडलेल्या रुग्णाची वाट आवळलेलीच असते.

दाब वाढला की पातळ भिंतीचा कप्पा आधी जाड होतो, मग पसरतो. कप्प्यासोबत, त्याच्या आणि वरच्या कप्प्याच्या म्हणजे अलिंदाच्या मधल्या झडपेचे कडेही पसरते. या झडपेला तीन पाळ्या असतात, म्हणून ती त्रिदल. कडे मोठे झाले की पाळ्या धडधाकट असूनही मध्ये एकमेकींना भिडत नाहीत आणि फट राहते. प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे अलिंदात जाते, पुढच्या ठोक्याला कप्प्यात जास्त रक्त येते, कप्पा आणखी पसरतो, फट आणखी वाढते. त्रिदल झडपेच्या बहुतेक मोठ्या गळत्या अशाच असतात. दोष पाळ्यांत नसतो. त्यांच्या मागच्या कप्प्यात आणि पुढच्या दाबात असतो.

मानेवर दिसणारा दाब

तपासणी यंत्रापासून सुरू होत नाही. रुग्णाला पाठीला टेकण देऊन 45 अंशांत निजवायचे, मान किंचित डावीकडे वळवायची आणि उजवीकडची शीर पाहायची. ही शीर जवळजवळ सरळ उजव्या अलिंदाकडे उतरते, म्हणून तिथला दाब तिच्यात उमटतो. छातीच्या हाडावर जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या वर उभ्या रेषेत तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीवर शिरेची धडधड दिसली, तर उजव्या बाजूचा दाब वाढलेला आहे. झडप फार गळत असेल तर प्रत्येक ठोक्याला मोठी लाट मानेत चढते. कधी कधी कानाची पाळीही हलते. बरगडीखाली सुजलेले यकृत हाताला लागते आणि तेही ठोक्यासोबत उसळते.

स्टेथोस्कोपची एक खूण मेक्सिकोच्या रिव्हेरो-कार्व्हालो यांनी 1946 साली सांगितली. त्रिदल झडपेच्या गळतीचा आवाज दीर्घ श्वास आत घेतल्यावर वाढतो, कारण श्वासाबरोबर उजव्या बाजूला जास्त रक्त ओढले जाते. मात्र गळती अतोनात असेल तर आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. फट एवढी मोठी होते की रक्ताला जोराने घुसावे लागत नाही. आवाज नाही म्हणून झडप चांगली, असे समजणे म्हणूनच धोक्याचे.

नंदुरबारमध्ये मानेची शीर पाहण्याला जास्तच महत्त्व आहे. पायांवर सूज आलेला रुग्ण कुपोषणाचा, मूत्रपिंडाच्या आजाराचा किंवा तीव्र रक्तक्षयाचाही असू शकतो. शरीरात प्रथिने कमी पडल्याने सूज आली असेल तर मानेची शीर सहसा फुगत नाही. हृदयामुळे सूज असेल तर ती फुगलेली असते. पिवळ्या डोळ्यांचेही तसेच. यकृतात रक्त तुंबले की पिवळेपणा आणणारे बिलिरुबिन वाढते, आणि सिकलसेलमध्ये पेशी फुटल्यानेही ते वाढते. रक्तक्षय असलेल्या मुलाच्या छातीत झडप चांगली असतानाही मर्मर ऐकू येते, कारण पातळ रक्त वेगाने वाहते. तीन वेगळे आजार एकाच मुलाच्या अंगावर सारख्याच खुणा उमटवू शकतात. त्या वेगळ्या काढायला एको लागतो.

गळती हेच मापयंत्र

स्वीडनमधील लुंड येथे 1953 साली इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी जहाजबांधणीत धातूतील दोष शोधायचे ध्वनिलहरींचे यंत्र हृदयावर ठेवले आणि एकोची सुरुवात झाली. पुढे डॉप्लर आले आणि रक्ताचा वेग कळू लागला. 1984 साली योक आणि पॉप यांनी दाखवून दिले की त्रिदल झडपेतून मागे येणाऱ्या धारेच्या वेगावरून फुप्फुसाकडचा दाब काढता येतो, शरीरात नळी न घालता.

हिशेब सोपा आहे. धारेचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि चारने गुणायचे. वेग 2.5 असेल तर 25. वेग 3 असेल तर 36. वेग 4 असेल तर 64 मिमी पारा. हा निलय आणि अलिंद यांच्या दाबांतला फरक. त्यात अलिंदाचा दाब मिळवायचा. तो पोटातल्या मोठ्या शिरेवरून अंदाजतात. ही शीर 21 मिलिमीटरपर्यंत रुंद आणि नाकाने जोराने श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटणारी असेल तर अलिंदाचा दाब 3 धरतात. रुंद आणि न मिटणारी असेल तर 15. बहुसंख्य निरोगी माणसांच्या त्रिदल झडपेतूनही थोडी गळती होतच असते, म्हणून हे माप बहुतेकांत घेता येते. एकोच्या रिपोर्टवर ‘माइल्ड टीआर’, म्हणजे त्रिदल झडपेची थोडी गळती, वाचून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सिकलसेलमध्ये या वेगाने मोठी खळबळ उडवली. 2004 साली ग्लॅडविन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 195 प्रौढ रुग्णांचा एको केला. 32 टक्के रुग्णांत वेग 2.5 किंवा जास्त होता आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका कितीतरी पटींनी जास्त आढळला. पुढे 2011 साली फ्रान्समध्ये 398 रुग्णांचा अभ्यास झाला. तिथे 27 टक्क्यांत वेग 2.5 किंवा जास्त होता, पण हृदयात नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजल्यावर फुप्फुसाचा उच्चदाब फक्त 6 टक्क्यांत ठरला. म्हणजे वेग वाढलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच तो आजार होता. बाकीच्यांत वेग वाढण्याचे एक कारण उघड आहे: रक्तक्षयात हृदय जास्त रक्त फेकते, आणि जास्त प्रवाहाने वाहिन्या न आवळताही दाब चढतो. हे आकडे मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचे आहेत. भारतातील सिकलसेलचा अनुवांशिक प्रकार वेगळा आहे आणि इथल्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बहुधा जास्त असते, त्यामुळे हे प्रमाण सातपुड्यातल्या रुग्णांवर जसेच्या तसे बसवता येणार नाही. पण शिकवण लागू पडते. वाढलेला वेग ही पुढच्या तपासणीची सूचना आहे. त्यावरून निदान करता येत नाही.

बळ मोजताना फसगत

दाब कळला, आता बळ. उजवे निलय मुख्यतः लांबीच्या दिशेने आखडते. झडपेचे कडे हृदयाच्या टोकाकडे सरकते. हे सरकणे मिलिमीटरमध्ये मोजतात. रिपोर्टवर ‘टॅप्सी’ असे लिहिलेले माप ते हेच. 17 मिलिमीटरपेक्षा कमी आले तर निलय अशक्त. कड्याचा सरकण्याचा वेग सेकंदाला 9.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही दुसरी खूण. तिसरी, ठोक्यागणिक निलयाचे क्षेत्रफळ किती टक्के घटते. 35च्या खाली गेले तर काळजी. अलीकडे स्नायूंच्या तंतूंचे आखडणे ‘स्ट्रेन’ या मापाने पाहतात. मोकळ्या भिंतीचे आखडणे 20 टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त असावे, आणि बाकी मापे ठीक असतानाही ते आधी घसरू शकते. ज्यांची झडपेची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यात टॅप्सी कमी येतेच. निलय आडवे आखडून ती उणीव भरून काढते. त्यामुळे ऑपरेशननंतर त्या एका आकड्यावरून हाय खाऊ नये.

खरी फसगत मोठ्या गळतीत होते. गळकी बादली विहिरीतून भराभर वर येते. शेंदणाऱ्याच्या दंडात जोर आहे म्हणून नव्हे, तर निम्मे पाणी वाटेतच विहिरीत परत गेले म्हणून. उजव्या निलयाचेही तसेच. त्याने आखडून फेकलेल्या रक्तातले बरेचसे कमी दाबाच्या अलिंदात सहज परत जाते, आणि फुप्फुसाच्या वाहिन्यांविरुद्ध ढकलावे लागते ते थोडेच. कडे छान सरकते, क्षेत्रफळ छान घटते, रिपोर्टवर ‘उजवे निलय चांगले’ असे येते. झडप दुरुस्त केली की परतीची वाट बंद होते, सगळा भार फुप्फुसाच्या दिशेने पडतो आणि मग आधीच थकलेले निलय उघडे पडते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण ढासळतो, त्यामागे हे एक कारण असते.

यावर उतारा म्हणून बळ आणि दाब एकत्र वाचायला लागतात. दोन रुग्णांची टॅप्सी 18 मिलिमीटरच आहे, पण एकाचा फुप्फुसदाब 30 आहे आणि दुसऱ्याचा 60. टॅप्सीला दाबाने भागले की पहिल्याचे गुणोत्तर 0.6, दुसऱ्याचे 0.3. आकडा तोच असला तरी दुसऱ्याची गंगाजळी संपत आलेली आहे. ग्वाझी यांच्या 2013च्या अभ्यासात हृदयदौर्बल्याच्या रुग्णांत हे गुणोत्तर 0.36च्या खाली गेले की धोका वाढलेला दिसला. मात्र अतोनात गळतीत हा मार्गही निसरडा होतो. निलय आणि अलिंद जवळजवळ एकच पोकळी बनतात, दोन्हींचे दाब सारखे होऊ पाहतात, धारेचा वेग घटतो आणि दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. वरचा आकडा फुगलेला, खालचा आटलेला. गुणोत्तर फसवे चांगले.

अशा वेळी दोन तपासण्या कामी येतात. एमआरआयमध्ये निलयाचे खरे आकारमान मोजता येते, कारण तिथे वेड्यावाकड्या आकाराची अडचण नसते. आणि उजव्या हृदयात नळी घालून दाब थेट वाचता येतो. 1929 साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. 1956 साली त्याला कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासोबत नोबेल मिळाले. आज फुप्फुसाचा सरासरी दाब 20च्या वर गेला की उच्चदाब धरतात. तो वाहिन्या आवळल्याने आहे, डाव्या झडपेमुळे मागून आला आहे की रक्तक्षयाच्या जास्त प्रवाहाने, हे नळीच वेगळे करून सांगते. उपचार त्यावरच अवलंबून असतो. सिकलसेलमध्ये पेशी फुटणे कमी करायचे असते, रुमॅटिक आजारात डावी झडप उघडायची किंवा बदलायची असते. चुकीच्या कारणावर दिलेले औषध नुकसानही करते.

वेळ कधी गाठायची

डाव्या झडपेचे ऑपरेशन होत असताना त्रिदल झडपेचे कडे 40 मिलिमीटर किंवा जास्त पसरलेले असेल, तर गळती फार नसतानाही त्याला कडी बसवून आवळण्याचा विचार करतात. तेव्हा सोडून दिले आणि वर्षांनंतर फक्त या झडपेसाठी छाती उघडावी लागली, तर जोखीम बरीच वाढते. ती जोखीम ठरवायला 2021 साली फ्रान्समधील रुग्णांवरून ‘ट्राय-स्कोर’ ही आठ मुद्द्यांची मोजणी तयार झाली. त्यात उजव्या निलयाच्या एकोसोबत वय, दम, सुजेची लक्षणे, लघवीच्या गोळीचा डोस, मूत्रपिंड, बिलिरुबिन आणि डाव्या निलयाचे काम येते. उजवे हृदय किती थकले आहे हे यकृत आणि मूत्रपिंडही सांगतात, हे तिने मान्य केले. पण सिकलसेलच्या रुग्णात बिलिरुबिनचा मुद्दा जपून वाचावा लागेल, कारण तिथे ते पेशी फुटल्यानेच वाढलेले असते.

छाती न उघडता मांडीच्या शिरेतून क्लिप नेऊन पाळ्या जोडण्याचा उपायही आता आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या 350 रुग्णांच्या चाचणीत त्याने गळती कमी झाली, रुग्णांना बरे वाटू लागले. वर्षभरात मृत्यू मात्र कमी झाल्याचे दिसले नाही. फार उशिरा दुरुस्त केलेल्या झडपेमागचा कप्पा परत पूर्वीसारखा होतोच असे नाही.

म्हणून नंदुरबारसारख्या जिल्ह्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळेवरची आणि पुन्हा पुन्हा केलेली तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013पासून शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात आणि जन्मजात व रुमॅटिक हृदयविकार त्यांच्या यादीत आहेत. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. झडपेच्या शस्त्रक्रियेला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. अडचण सातत्याची आहे. रुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन लागते, वर्षानुवर्षे. पण जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा तालुक्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात ती उन्हाळ्यातच परततात. इंजेक्शन चुकते, एको चुकतो, आणि जुना रिपोर्ट कुठल्या तरी झोपडीत राहून जातो.

त्या रिपोर्टची किंमत मोठी आहे. उजव्या हृदयाचा एकटा आकडा फसवू शकतो. दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवलेला तोच आकडा सहसा फसवत नाही. निलय पसरत चालले आहे का, टॅप्सी 22वरून 18वर आली का, वेग 2.4वरून 3वर गेला का, हे त्या शेजारात कळते. 18 हा आकडा ‘नॉर्मल’ असला तरी 22वरून घसरलेला 18 हे बोलावणे असते. म्हणून ऊसतोडीला निघताना सिकलसेलच्या किंवा झडपेच्या रुग्णाने एकोचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावा, पुढच्या इंजेक्शनची तारीख त्यावर लिहून घ्यावी, आणि नव्या एकोच्या वेळी डॉक्टरांना एवढेच विचारावे: मागच्या वेळेपेक्षा उजवी बाजू कशी आहे?